पाहुण्यांची हजेरी

डब्याच्या वरच्या खणात कच्ची करवंदं होती आणि खालच्या खणात नऊ अळ्या. डबा माझ्या मांडीवर होता, आणि एस.टी.त शेजारी बसलेल्या बाई मघापासून त्याच्याकडेच बघत होत्या.

"पाणी गळतंय गं पोरी," त्या म्हणाल्या. "कालवण हाय काय?"

मी मुमताजकडे बघितलं. खोटं बोलायचं काम तिच्याकडे होतं, हिशेबाचं माझ्याकडे.

"देवाचं पाणी हाय," मुमताज म्हणाली.

"कुठल्या देवाचं?"

"धामणखोऱ्याच्या."

बाईंनी डब्याला हात लावून तो कपाळाला लावला. मग बराच वेळ डब्याकडे पाय होऊ नयेत म्हणून त्या अवघडून बसल्या. मुमताज खिडकीबाहेर तोंड करून हसत होती. मला हसू येत नव्हतं. ऊन वाढत होतं, वडणं अजून दीड तासावर होतं, आणि खालच्या खणातल्या मंडळींना गार वाहत्या पाण्याची सवय होती.

मी तेव्हा बारा वर्षांची होते. सातवीची परीक्षा नुकतीच संपली होती. आमच्या वडण्यात मुलींनी सातवीपर्यंत नदीवर पोहायचं. आठवीत गेलं की मुलगी मोठी झाली. मग घाटावर जायचं ते धुणं घेऊन. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण शाळेच्या घंटेपेक्षा वक्तशीरपणे पाळलं जात असे. म्हणजे हा माझा नदीतला शेवटचा उन्हाळा होता. आदल्या वर्षी मी पाठीला सुका भोपळा बांधून हातपाय मारले होते, आणि शेवटच्या दिवशी घाटावरचे बाबू भोई म्हणाले होते, "पुढल्या साली भोपळा सोडायचा, कुमे." ते सगळ्या गावाला पोहायला शिकवायचे. मी ते पुढलं साल वर्षभर मोजत होते.

आडवे आले ते अप्पा. माझे वडील.

अप्पा हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. गावाला ते सुतारसर. त्याच्या चार वर्षं आधी गावात कावीळ पसरली. मुमताजचा धाकटा भाऊ सलीम तीन आठवडे हळदीसारखा पिवळा होऊन पडला होता. ग्रामपंचायतीनं नदीचं पाणी बाटलीत भरून जिल्ह्याला पाठवलं. दीड महिन्यानं कागद आला: पाणी ठीक आहे.

"बाटलीत त्या सकाळचं पाणी गेलं," अप्पा पंचायतीत म्हणाले. "घाण आधी येऊन गेली होती. पाण्याला आठवण नसते. जो वर्षभर तळाशी राहतो त्याला विचारा."

तळाशी राहणारे म्हणजे दगडांखालच्या अळ्या, गोगलगाई, जळवा. काहींना स्वच्छ पाणी लागतं, घाण आली की त्या मरतात. काहींचं घाणीत उलट छान चालतं. अप्पांनी प्रत्येक जातीला दहापैकी गुण ठरवले होते. घाणीत सुखानं राहणाऱ्या लाल अळीला दोन. चतुराच्या पिल्लाला आठ. आणि दहापैकी दहा मिळवणारी एक बोटाच्या पेराएवढी अळी होती. ती खडे-वाळू लाळेनं चिकटवून अंगाभोवती नळीसारखं घर बांधते आणि ते घेऊन फिरते. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, पण विंचवाला कसलं आलंय बिऱ्हाड, ते हिचं. अप्पा तिला बिऱ्हाडकर म्हणत.

ज्या जाती सापडतील त्यांच्या गुणांची सरासरी काढायची. साडेचार आली तर सुट्टीत नदी पोरांना खुली. कमी आली तर घाटावरच्या लिंबाला लाल फडकं, आणि बाबू भोईंचे भोपळे पुन्हा आढ्याला.

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात अप्पा नुसतं चाचपून आले होते. ट्रे धरायला मी होते. घरी येऊन मी वहीच्या मागच्या पानावर गणित केलं. लाल अळी दोन, पाणगांडूळ एक, गोगलगाय तीन, जळू तीन, पाणभुंगा पाच, चतुर आठ. बावीस भागिले सहा. तीन पूर्णांक सहासष्ट. लाल फडकं.

मग मी त्यात दहा मिळवून पाहिले. बत्तीस भागिले सात. चार पूर्णांक सत्तावन्न.

एक बिऱ्हाडकर. बास.

"एकच आणायचा?" मुमताजनं विचारलं होतं.

"तीन तरी. एकटा सापडला तर अप्पा धरत नाहीत. म्हणतात, एकटा म्हणजे वाट चुकलेला, तीन म्हणजे वस्ती."

"मग नऊ आणू. वस्ती कशाला, पेठ बसवू."

धामणखोऱ्यात मुमताजचे मामू राहायचे. नदी तिथं डोंगरातून उतरते आणि पाणी इतकं निवळ असतं की खोली कळत नाही. लोणच्याची करवंदं आणायला म्हणून आम्ही शनिवारी पहाटेच्या गाडीनं गेलो. तीन शेपट्यांच्या नाजूक अळ्याही उचलल्या होत्या, पण त्या गाडी सुटायच्या आधीच मेल्या. बिऱ्हाडकर चिवट निघाले.

घरी आल्यावर आईनं डब्याकडे हात केला. मी वरचा खण काढून तिच्या हातात दिला.

"दिवसभर जाऊन एवढीशीच करवंदं?"

"माकडं फार आहेत तिकडे."

"ते दिसलंच," आई म्हणाली.

रविवारी सकाळी, अप्पा दाढी करत असताना, आम्ही घाटावर गेलो. अप्पा दर वर्षी कुठले दगड उचलतात ते मला ठाऊक होतं. आम्ही ओणवं होऊन एकेक बिऱ्हाडकर त्या दगडांखाली सोडत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला.

"काय पुरायला लागलायसा गं?"

बाबू भोई. खांद्यावर भोपळ्यांची माळ.

"फुलं वाहतोय," मुमताज म्हणाली.

"दगुडाखाली?"

मुमताजनं ओले हात पाठीमागे घेतले. बाबू भोई आमच्याकडे बघत राहिले, मग खांद्यावरच्या भोपळ्यांकडे बघितलं. "वाहा, वाहा," ते म्हणाले. "भक्ती असंल तर कुटंबी पोचतंय." आणि पायऱ्या चढून गेले.

नऊ वाजता घाट पोरांनी भरला. अप्पांची पद्धत ठरलेली. विजार गुडघ्यापर्यंत दुमडायची, गुडघाभर पाण्यात उभं राहायचं, बांबूला बांधलेली आईची जुनी पिठाची चाळणी दगडाच्या खालच्या अंगाला धरायची आणि दगड चोळायचा. चाळणीत येईल ते पांढऱ्या ट्रेमध्ये. मग भिंग लावून हजेरी. अप्पा नाव घेत आणि त्या प्राण्याच्या वतीनं पायऱ्यांवरची पोरं ओरडत.

"लाल अळी."

"हजर."

"गोगलगाय."

"हजर सर."

"जळू. जळूबाई आल्यात का?"

"हजर," आणि कुणीतरी शेजारच्याच्या मांडीला चिमटा घेतला, तो केकाटला.

बावीस गुण झाले तेव्हा अप्पांनी चौथा दगड चोळला. ट्रेत बघितलं. थांबले. पाचवा चोळला. पुन्हा थांबले. माझ्या हातातला ट्रे थोडा हलला.

"नीट धर," ते म्हणाले.

बाबू भोई वरून म्हणाले, "काय गावलं, सर?"

"बिऱ्हाडकर," अप्पा म्हणाले.

"हजर," सगळा घाट ओरडला. दहा गुणांचा प्राणी वडण्याच्या घाटावर कधी निघाला नव्हता. मागची पोरं उभी राहिली. मुमताज सगळ्यांत मोठ्यानं ओरडली होती, आणि सलीम तिच्या खांद्यावर चढून, भोपळा आपल्यालाच आधी, असं सांगत होता.

अप्पांनी भिंग डोळ्याला लावलं. एक अळी चिमट्यानं तळहातावर घेतली, फिरवून पाहिली. दुसरी घेतली. तिसरी. त्यांना कसलीच घाई नव्हती. मग त्यांनी खिशातून स्टीलची वाटी काढली, पाण्यानं भरली, आणि सातही बिऱ्हाडकर एकेक करून तिच्यात सोडले.

"हे धरायचे नाहीत," ते म्हणाले.

उभी राहिलेली पोरं खाली बसली.

"का ओ सर?"

"पाहुणे आहेत. पाहुण्यांची हजेरी घेत नसतात."

"पाहुणे? कुठनं आल्यात?"

"वरच्या अंगानं."

"व्हावत आलं असतील," बाबू भोई म्हणाले. त्यांनी अजून आशा सोडली नव्हती.

"वाहत नाही," अप्पा वाटीवर ओला रुमाल टाकत म्हणाले. "एस.टी.नं आले असावेत."

सगळा घाट हसला. सुतारसर विनोद करतात हे त्यांना माहीत होतं. मी ट्रे तसाच धरून उभी होते. बावीस भागिले सहा, अप्पांनी सांगितलं. बाबू भोईंनी स्वतःच लिंबाला लाल फडकं बांधलं. मुमताज माझ्याकडे न बघता सलीमला घेऊन घरी गेली.

दिवसभर अप्पा मला काही म्हणाले नाहीत. उत्तरपत्रिका तपासल्या, दुपारी झोपले, उठून चहा घेतला. माझा मारायच्या सगळ्या पद्धतींचा विचार करून झाला, पण ते मारत नसत, त्यामुळे तोही फुकट गेला. वाटी स्वयंपाकघराच्या खिडकीत, माठाशेजारी होती.

"हे काय ठेवलंय?" जेवायला वाढताना आईनं विचारलं.

"पाहुणे," अप्पा म्हणाले.

"जेवणार आहेत?"

"नाही. उद्या पहिल्या गाडीनं जातील. कुमी त्यांना घरी सोडायला जाणार आहे." त्यांनी भात कालवला. "मीही जातो सोबत. माकडं फार आहेत म्हणे तिकडे."

आईनं माझ्या पानात न मागता तुपाची धार सोडली.

दुसऱ्या दिवशी गाडीत तोच डबा, त्यात ती वाटी, आणि तीच खिडकी. गाव मागे पडल्यावर अप्पांनी भिंग माझ्या हातात दिलं आणि वाटीतला एक बिऱ्हाडकर माझ्या तळहातावर ठेवला.

"घर बघ त्याचं. कशाचं आहे?"

"खड्यांचं."

"रंग?"

मी बघितलं. घर तांबडं होतं. बारीक बारीक तांबडे कण, एकावर एक, गवंड्यानं बसवल्यासारखे.

"जांभा," अप्पा म्हणाले. "धामणखोऱ्यात डोंगर जांभ्याचा. वडण्याला काय आहे?"

"काळा दगड."

"जांभा इथवर येत नाही, वाटेतच त्याची माती होते. हा जिथं राहतो तिथलेच खडे वापरतो. स्वतःचा पत्ता अंगावर घेऊन फिरतो बिचारा." त्यांनी अळी परत पाण्यात सोडली. "चोर पुष्कळ असतात, कुमे. घरासकट चोरी करणारा मी पहिल्यांदा बघितला."

मला हसू आलं आणि लगेच रडूही. मी दोन्ही आवरलं.

"मग सगळ्यांसमोर का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की. पाहुणे आहेत म्हणालो."

"कुणी आणले ते."

"ते मला कुणी विचारलं नाही."

गाडी घाटाला लागली. त्यांनी विचारलं, "मी भिंग घरी विसरलो असतो तर?"

"नदी उघडली असती."

"पहिली उडी कुणाची?"

"माझी."

"मग?"

"मुमीची." मी थांबले. "मग सलीमची."

त्यांनी मान हलवली आणि खिडकीबाहेर बघायला लागले. त्याहून जास्त ते त्या विषयावर कधीच बोलले नाहीत.

धामणखोऱ्यात आम्ही वाटी पाण्यात बुडवली. सातही जण सावकाश बाहेर आले, घर ओढत ओढत दगडाखाली गेले.

"आम्ही नऊ नेले होते," मी म्हणाले. खरं सांगायला सुरुवात केलीच होती.

"दोन राहिले तिथं? राहू देत. दोघांची वस्ती होत नाही."

मग अप्पांनी सोबत आणलेला चाळणीचा बांबू घेतला आणि डोहाच्या कडेकडेनं फिरत तो तळाला टेकवून टेकवून बघितला. पंधरा-वीस ठिकाणी तरी. प्रत्येक वेळी बांबू बाहेर काढून ओल कुठवर आलीय ते माझ्या छातीशी धरून मोजत. शेवटी ते एका खडकावर बसले.

"पोह आता."

"इथं?"

"पाणी चांगलं आहे. कालच सात जणांनी साक्ष दिली."

"पण भोपळा नाही."

"बाबू यंदा भोपळा सोडायचा म्हणाला होता ना?"

मी फ्रॉकसकट उतरले. पाणी इतकं गार होतं की पहिल्यांदा श्वासच मिळेना. मग पाय तळापासून सुटले, आणि पाठीवर काहीही नसताना मी या काठाकडून त्या काठाकडे गेले. वळून बघितलं तर अप्पा खडकावरून उठून गुडघाभर पाण्यात येऊन उभे होते. हातात बांबू, माझ्या दिशेनं पुढे केलेला.

"तुम्ही पण या की," मी ओरडले.

"मला येत नाही."

मला वाटलं, थट्टा करताहेत. दर उन्हाळ्यात हा माणूस नदीत उभा असायचा.

"खरंच?"

"गुडघ्यापर्यंत सगळं येतं," अप्पा म्हणाले. "त्याच्या पुढचं नाही."

मी पोहत त्यांच्याजवळ गेले आणि बांबूचं टोक धरलं. ते माझ्याकडे न बघता पाण्याकडे बघत होते.

"तू उतरतेस तिथं मला उतरता येत नाही," ते म्हणाले. "मग त्या पाण्याची निदान चौकशी तरी करून ठेवावी."

पुढच्या वर्षी मी आठवीत होते. वडण्याच्या घाटावर माझं पोहणं बंद झालं. पण दर उन्हाळ्यात 'तुलनेसाठी नमुने' आणायला सुतारसरांना धामणखोऱ्याला जावं लागायचं आणि ट्रे धरायला कुणीतरी लागायचंच. पहिल्याच खेपेला मी बाबू भोईंकडे भोपळा मागायला गेले.

"तुला? आता?"

"अप्पांना."

बाबू भोईंनी आढ्याकडे बघत जरा विचार केला. "सरांस्नी जोड लागंल," ते म्हणाले, आणि दोन काढून दिले. अप्पा शिकले तीन वर्षांत, वाईट शिकले, आणि प्रत्येक वेळी चष्मा घालूनच पोहले.

वडण्याची नदी मात्र बिघडतच गेली. लाल फडकं लागायचं, ते पुढे लिंबालाच राहिलं. अप्पा दर वर्षी नुसतं जुनं काढून नवीन बांधत. बावीस वर्षं सलग. हजेरीला पोरं येईनाशी झाली, निकाल माहीतच असायचा. तीन वर्षांपूर्वी गावानं सांडपाण्याचा नाला वळवला. गेल्या एप्रिलला सरासरी चार पूर्णांक चार आली. "दशांशानं गेला," अप्पा म्हणाले, एखाद्या हुशार विद्यार्थ्याबद्दल म्हणावं तसं. जूनमध्ये ते गेले.

यंदा परीक्षा संपल्यावरच्या रविवारी मी पुण्याहून चाळणी घेऊन आले. घाटावर मुमताज होती, सरपंचबाईंची मुलगी होती, आणि दोन कुत्री. मुमताज आता शाळेची मुख्याध्यापिका आहे. गुडघे दुखतात म्हणून ती वरच्याच पायरीवर बसली.

लाल अळी दोन. गोगलगाय तीन. तीन शेपट्यांची अळी, तिच्यातली काटक जात, चार. पाणभुंगा पाच. चतुर आठ. बावीस भागिले पाच. पुन्हा चार पूर्णांक चार. मी चौथा दगड चोळला.

ट्रेमध्ये एक बिऱ्हाडकर होता.

मी वर बघितलं.

"माझ्याकडं काय बघतीस?" मुमताज म्हणाली. "धामणखोऱ्याची गाडी बंद होऊन सहा वर्षं झाली."

मी भिंग काढलं. अप्पांचंच. पहिल्यांदा नीट दिसेना. काच पुसली, मग दिसलं. घर काळं होतं. काळ्या दगडाचे कण, गवंड्यानं बसवल्यासारखे, आणि मध्येच एक हिरवा, चकचकीत. घाटावर धुणं धुताना फुटलेल्या कुणाच्या तरी बांगडीचा.

पाचव्या दगडाखाली दुसरा निघाला. सहावा दगड रिकामा. सातवा रिकामा. आठवा चोळताना मला अप्पांसारखं सावकाश करायला जमलं नाही.

तिसराही काळ्या घरात होता. बत्तीस भागिले सहा, पाच पूर्णांक तेहेतीस.

सरपंचबाईंची मुलगी विचारत होती, "झालं का हो? बांधायचं का फडकं?"

मी ट्रे नीट धरला. आवाज जरा खाकरून साफ केला.

"बिऱ्हाडकर," मी म्हणाले.

त्या मुलीला काय बोलायचं ते ठाऊक नव्हतं. मग वरच्या पायरीवरून, गुडघ्यावर हात टेकून कष्टानं उठत, मुमताज म्हणाली, "हजर सर."